पहिला रणगाडा: प्रतिकृती जुळवण्याची आणि रंगवण्याची रीत

खोक्यावरचे चित्र मोहात पाडते. धुरळा उडवत निघालेला रणगाडा, बुरुजातून डोके बाहेर काढलेला कमांडर, मागे पेटलेले क्षितिज. घरी आणून खोके उघडले की मात्र हाती येतात चौकटींना चिकटलेले प्लास्टिकचे दोन-अडीचशे तुकडे, पातळ कागदावर छापलेल्या काही खुणा आणि घडी घातलेले सूचनापत्र. चित्र आणि हे तुकडे यांच्यातील अंतर किती, याचा अंदाज नवख्याला पहिल्या आठवड्यात येतो, आणि तिथेच अनेकांचा छंद संपतो. अर्धवट जुळवलेली चाके, एका बाजूला गोंदाचा डाग पडलेला बुरूज आणि 'पुढच्या रविवारी बघू' असे म्हणून कपाटाच्या माथ्यावर गेलेले खोके, ही या छंदातील सर्वांत नेहमीची शोकांतिका होय.

ती टाळता येते. त्यासाठी हात फार कुशल असावा लागतो असे नाही. कामाचा क्रम आणि त्या क्रमामागचे कारण ठाऊक असावे लागते. येथे उदाहरणादाखल १/३५ प्रमाणातील टी-५५ हा रणगाडा घेतला आहे. जपानच्या टॅमिया कंपनीचा या रणगाड्याचा संच नवख्यांच्या हाताला सोपा जातो, आणि भारतीय लष्कराच्या इतिहासातही या यंत्राला महत्त्वाचे स्थान आहे.

पस्तीस हा आकडा कुठून आला?

एक पस्तीसांश हे प्रमाण विचित्र वाटते. चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर या संख्यांचे एकमेकींशी काही नाते तरी दिसते, पस्तीस एकटाच. याचे उत्तर शिझुओका या जपानी शहरात सापडते. टॅमियाचा आरंभ १९४६ मध्ये तेथे लाकूडव्यवसाय म्हणून झाला. पुढे कंपनी लाकडी प्रतिकृतींकडे आणि तेथून प्लास्टिककडे वळली. १९६०च्या दशकाच्या आरंभी तिने जर्मन पँथर रणगाड्याचा चालणारा संच काढला. आत विजेची मोटर आणि बॅटऱ्या बसतील एवढे पोट ठेवून आकार ठरवला गेला. नंतर मोजमाप केले तेव्हा ते मूळ रणगाड्याच्या साधारण एक पस्तीसांश भरले. संच खपला, पुढचे संच त्याच मापात निघाले, इतर कंपन्यांनी तेच माप उचलले, आणि एक योगायोग जगभरच्या हौशी मंडळींचा दंडक झाला.

हे प्रमाण मनात पक्के बसवणे हे कामाचे पहिले पाऊल होय. खरा टी-५५ तोफेच्या नळीसह सुमारे नऊ मीटर लांब. प्रतिकृती भरते सव्वीस सेंटीमीटरच्या आसपास. उंच माणूस पाच सेंटीमीटरचा होतो. उलट बाजूने पाहिले तर प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले साडेतीन सेंटीमीटर. नळीच्या दोन अर्ध्या भागांच्या जोडावर केसाएवढी फट राहिली, तर खऱ्या तोफेला डोळ्यांत भरणारी भेग पडली असा त्याचा अर्थ. रंगाचा पोपडा म्हणून उमटवलेला मोठा ठिपका खऱ्या रणगाड्यावर हाताच्या पंजाएवढा होतो. नवख्याच्या बहुतेक चुका या गुणाकाराच्या विस्मरणातून होतात.

हत्यारे थोडी, पण नेमकी

सुरुवातीला लागणारे साहित्य एका डब्यात मावते. तुकडे चौकटीतून कापण्यासाठी सपाट धारेचा छोटा कटर, पातळ पात्याची सुरी, बारीक टोकाचा चिमटा, चारशे ते हजार क्रमांकांचे वॉटर पेपर, प्लास्टिकचा पातळ गोंद, थोडी पुट्टी, दोन-तीन चांगले कुंचले. कपडे वाळत घालण्याचे चिमटे, टूथपिक आणि जुना टूथब्रश घरातच मिळतात. हवेच्या दाबाने रंग फवारणारा एअरब्रश पहिल्या प्रतिकृतीसाठी आवश्यक नाही. त्यावर आधी खर्च करून रणगाडा न झालेल्यांची संख्या कमी नसावी.

गोंदाविषयी मात्र स्पष्टता हवी. प्रतिकृतींचा गोंद हा फेव्हिकॉलसारखा दोन पृष्ठभागांच्या मध्ये बसून चिकटवणारा पदार्थ नाही. तो प्लास्टिकचा पृष्ठभाग क्षणभर विरघळवतो. दोन विरघळलेले पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की सांधा एकजीव होतो. एका अर्थी ते वेल्डिंगच असते. म्हणून तुकडे आधी कोरडे जुळवून पाहावेत, एकत्र धरावेत आणि मग फटीला कुंचल्याचे टोक टेकवावे. पातळ गोंद आपोआप फटीत ओढला जातो. जास्त गोंद म्हणजे जास्त मजबुती नव्हे, जास्त विरघळणे. गोंद लागलेले बोट ज्या जागी टेकते तिथे बोटाचा ठसा कायमचा उमटतो. या गोंदाची वाफ श्वासात घेणे चांगले नाही, म्हणून खिडकी उघडी असावी आणि लहान मुले या कामात असतील तर मोठ्यांपैकी कोणीतरी शेजारी असावे.

जुळवणी: घाई चाकांपाशी नडते

काम सुरू करण्यापूर्वी सर्व चौकटी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवाव्यात. साच्यातून सुटावे म्हणून वापरलेल्या तेलकट पदार्थाचा अंश प्लास्टिकवर राहतो आणि रंग धरू देत नाही. तुकडा कापताना कटर थेट तुकड्याला भिडवू नये. आधी थोडे अंतर राखून कापावे, मग उरलेली गाठ सुरीने आणि वॉटर पेपरने काढावी. प्रत्येक तुकड्यावर साच्याच्या दोन भागांची एक बारीक रेघ असते. ती खरवडून काढणे कंटाळवाणे असते, पण रंग लागल्यावर हीच रेघ सर्वांत आधी डोळ्यांत भरते.

टी-५५ ची चाके हे त्याचे ओळखपत्र आहे. प्रत्येक बाजूला पाच मोठी चाके, आणि पहिल्या व दुसऱ्या चाकामध्ये उठून दिसणारे अंतर. पट्टा वरच्या बाजूने तोलून धरणाऱ्या छोट्या गिरक्या या रणगाड्याला नाहीत. त्यामुळे पट्टा स्वतःच्या वजनाने झोल खाऊन थेट चाकांच्या माथ्यावर टेकतो. ताणून बसवलेला, रेघेसारखा सरळ पट्टा पाहिला की जाणकार मनातल्या मनात हसतात. ज्या लोखंडाच्या कड्या माणसाला उचलताना घाम फुटतो, त्या हवेत तरंगतील कशा? मऊ प्लास्टिकचा पट्टा असेल तर तो चाकांच्या माथ्यावर थेंबभर गोंदाने दाबून बसवावा, किंवा सुकेपर्यंत दोऱ्याने खाली बांधून ठेवावा.

चाकांचे आस चिकटवल्यावर सांगाडा सपाट काचेवर ठेवून सुकू द्यावा. दहाही चाके जमिनीला टेकली पाहिजेत. एक चाक अधांतरी राहिले की छत्तीस टनांचे यंत्र खेळण्यासारखे दिसू लागते. रंगवण्याच्या सोयीसाठी सांगाडा, बुरूज, चाके आणि पट्टे वेगवेगळे ठेवावेत आणि शेवटी एकत्र आणावेत.

बुरूज ओतीव पोलादाचा होता, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. प्लास्टिकचा बुरूज फार तुळतुळीत वाटला तर त्यावर पातळ गोंद लावून, तो ओला असतानाच निकामी झालेल्या ताठ केसांच्या कुंचल्याने हलके ठोकावे. सुकल्यावर साच्यात ओतलेल्या धातूचा खरबरीतपणा येतो. सांगाड्याच्या सपाट पत्र्यांना मात्र हे करू नये. ते लाटलेल्या पोलादाचे आहेत, गुळगुळीतच दिसायला हवेत.

नळीवरचे खोटे कडे

येथपर्यंत बनलेला रणगाडा कोणत्याही देशाचा असू शकतो. तो भारताचा करायचा असेल तर इतिहासाची पाने उलटावी लागतात, आणि तिथे या छंदाची खरी गोडी आहे.

१९७१ च्या युद्धात एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. भारताकडे सोव्हिएत बनावटीचे टी-५४ आणि टी-५५ होते. पाकिस्तानकडे चीनने बनवलेला टाईप ५९. चीनचा टाईप ५९ ही टी-५४ चीच नक्कल. धूळ, धुके आणि धावपळीत, हजार मीटरवरून दोन्ही बाजूंचे रणगाडे एकाच घराण्यातले दिसत. आपलाच गोळा आपल्याच माणसांवर पडण्याची भीती खरी होती. जम्मू विभागातील छांबच्या आघाडीवर डेक्कन हॉर्स आणि ७२ आर्मर्ड रेजिमेंट याच जातीचे रणगाडे घेऊन लढल्या.

यावर काढलेला एक उपाय साधा होता. तोफ डागल्यावर नळीत उरलेला वायू बाहेर काढणारे एक फुगीर नळकांडे तोफेला असते. टी-५५ च्या शंभर मिलिमीटरच्या तोफेवर ते नळीच्या अगदी टोकाशी आहे. ब्रिटिश घराण्यातील सेंच्युरियन आणि विजयंता यांच्या १०५ मिलिमीटरच्या तोफेवर ते टोकापासून बरेच मागे, नळीच्या मध्याकडे असते. भारतीय टी-५५ च्या नळीवर मध्यभागी एक खोटे फुगीर कडे बसवण्यात आले. त्याला काही काम नव्हते. दुरून पाहणाऱ्या आपल्या तोफचीला 'हा आपला' एवढे सांगणे, हेच त्याचे काम.

प्रतिकृतीवर हे कडे करणे अर्ध्या तासाचे काम आहे. नळीच्या मध्याभोवती मास्किंग टेपची अरुंद पट्टी घट्ट गुंडाळत जावी, हवी ती जाडी आली की त्यावर पातळ फेव्हिक्विकचा थर द्यावा आणि कडक झाल्यावर वॉटर पेपरने गोलाई आणावी. संचाच्या सूचनापत्रात हा तुकडा नाही. पण हे कडे बसले की खोक्यातला कुठलाही टी-५५ १९७१ चा भारतीय टी-५५ होतो, आणि पाहणाऱ्याला सांगण्यासारखी एक गोष्ट त्याच्यापाशी येते.

इथे एक सापळाही आहे. पुढील काळात भारताच्या अनेक टी-५५ वर खरोखरच १०५ मिलिमीटरची तोफ बसवली गेली. देशातील अनेक शहरांत चौकांत आणि संस्थांच्या आवारात स्मारक म्हणून उभे असलेले रणगाडे निवृत्तीच्या वेळच्या रूपात आहेत, आणि त्यांवरचा रंगही स्थानिक देखभालीत पुन्हा पुन्हा दिलेला आहे. अशा रणगाड्याचे छायाचित्र काढून १९७१ ची प्रतिकृती बनवली तर ती चुकते. मापे, कड्या, झाकणे, जोड यांच्यासाठी स्मारक उत्तम गुरू. रंग आणि तोफ यांच्यासाठी मात्र त्या काळातली छायाचित्रे पाहावीत. अहिल्यानगर येथील रणगाडा संग्रहालयाला एकदा तरी भेट द्यावी. खरे यंत्र डोळ्यांसमोर आले की पोलाद किती जाड असते, सांधा कसा जोडलेला असतो आणि चिखल नेमका कुठे साचतो, हे सूचनापत्राच्या दहा पानांपेक्षा लवकर समजते.

रंगाचे हात

गोव्यात चवथीच्या आधी चित्रशाळेत डोकावलेल्या कोणालाही रंगकामाचा मूळ नियम ठाऊक असतो. माती पुरती सुकल्याशिवाय रंग नाही, आधी पांढरे अस्तर, मग अंगाचा रंग, मग वस्त्रे, आणि डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी. रणगाड्याचा क्रम यापेक्षा फारसा वेगळा नाही.

प्रथम प्रायमरचा हात. तो रंगाला धरून ठेवतो आणि राहिलेल्या फटी, ओरखडे उघडे पाडतो. त्या भरून, घासून, पुन्हा प्रायमर द्यावा. मग मूळ हिरवा. कुंचल्याने रंगवायचे असेल तर रंग दुधाइतका पातळ करून दोन-तीन हात द्यावेत. पहिल्या हातात प्लास्टिक डोकावणारच, म्हणून घाबरून जाड थर चढवू नये. आधीचा हात पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा फिरवला तर खालचा रंग उखडून येतो.

बाटलीतला हिरवा जसाच्या तसा वापरला तर प्रतिकृती काळपट दिसते. याचे कारण पुन्हा गुणाकारात आहे. तीस सेंटीमीटरवरून पाहिलेली प्रतिकृती म्हणजे साडेदहा मीटरवरून पाहिलेला खरा रणगाडा. तेवढ्या अंतरावर हवा आणि उजेड रंगाचा गडदपणा कमी करतात. त्यामुळे हिरव्यात थोडा फिकट पिवळसर रंग मिसळावा, आणि उन्हाला तोंड देणाऱ्या वरच्या पृष्ठभागांवर तो किंचित आणखी फिका ठेवावा. चाकांच्या कडेचे रबर गडद राखाडी रंगवताना चाक टूथपिकवर खोवून फिरवावे आणि कुंचला स्थिर धरावा. वर्तुळ आपोआप नेटके येते.

कोकण-गोव्याच्या हवेत एक काळजी जास्तीची. जून ते सप्टेंबर या काळात लॅकर प्रकारचा रंग किंवा वार्निश फवारले की पृष्ठभागावर पांढुरके धुके धरते. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली बाष्पे त्यावर जमतात आणि थरातच अडकतात. फवारणीचे काम उघडीप असलेल्या कोरड्या दुपारसाठी राखून ठेवावे. पावसाळ्याचे दिवस जुळवणीला द्यावेत आणि रंग दसऱ्यानंतर काढावेत, हे वेळापत्रक इथल्या हवेला मानवते.

खुणा, सावल्या आणि माती

मूळ रंग दोन दिवस सुकल्यावर त्यावर चकचकीत वार्निशचा हात द्यावा. खडबडीत पृष्ठभागावर पाण्यातल्या खुणा चिकटवल्या की खाली हवा अडकते आणि तिथे चंदेरी झाक दिसते. गुळगुळीत पृष्ठभागावर ती दिसत नाही. खूण कोमट पाण्यात बुडवून कागदावरून सरकू लागली की जागेवर न्यावी आणि ओल्या कुंचल्याने बसवावी. संचात भारतीय खुणा नसतील तर मनाने काही लिहू नये. छायाचित्रात दिसते तेवढेच उतरवावे. एखाद्या तुकडीचा क्रमांक म्हणजे कोणाच्या तरी नोकरीचा आणि कोणाच्या तरी शोकाचा भाग असतो.

मग येतो वॉश. गडद तपकिरी तैलरंग थिनरमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून बारीक कुंचल्याने सांध्यांच्या आणि बोल्टच्या कडेला टेकवला की तो खाचेतून स्वतःच धावतो आणि सावली उभी करतो. खाली ॲक्रिलिक रंग आणि वार्निश असल्याने हा थिनर त्यांना धक्का लावत नाही. उघड्या, ताण पडलेल्या प्लास्टिकच्या सांध्यात मात्र तो मुरला तर सांधा ठिसूळ होऊन तुटतो. म्हणून डबक्यासारखा ओतू नये. त्यानंतर जवळपास कोरड्या कुंचल्यावर फिकट हिरवा घेऊन उंचवट्यांवरून हलके फिरवावा. खाचेत सावली आणि कडेवर उजेड आला की प्लास्टिक लोखंड वाटू लागते.

पोपडे उडवण्याचा मोह आवरावा. लढाईतला रणगाडा गंजून भोके पडेपर्यंत जगत नाही. जिथे माणसे चढतात, झाकणे उघडतात, हत्यारे घासतात, तिथेच रंग झिजतो. स्पंजच्या तुकड्याने दोन-चार ठिकाणी ठिपके उमटवले की पुरे.

शेवटी माती, आणि इथे आपल्या अंगणाची आठवण दूर ठेवावी लागते. गोव्यातल्या माणसाचा हात सहज जांभ्याच्या लाल धुळीकडे वळतो. पण छांबची लढाई झाली ती नदीनाल्यांच्या गाळाच्या प्रदेशात, डिसेंबरमध्ये. तिथली माती भुरकट. खाली चाकांभोवती ओला, गडद चिखल, मध्यावर वाळलेला फिका थर आणि वर नुसती धूळ, अशी उतरंड ठेवावी. सर्वांवर मॅट वार्निशचा अखेरचा हात दिला की चकाकी मरते आणि आकार खरा दिसू लागतो.

पूर्ण करणे हाच धडा

पहिल्या प्रतिकृतीत चुका राहतात. बुरुजामागे एक फट दिसत राहते, एखादी खूण तिरकी बसते, एका पट्ट्याचा जोड वर येतो. तो जोड चिखलाखाली लपवता येतो, आणि अनुभवी मंडळीही तेच करतात. चूक दुरुस्त करण्याच्या नादात रणगाडा पुन्हा खोक्यात जाणे हे चुकीपेक्षा मोठे नुकसान. कारण रंगाचा, वॉशचा, मातीचा धडा शेवटपर्यंत पोचलेल्यालाच मिळतो. अर्धवट राहिलेल्या पाच संचांपेक्षा पूर्ण झालेला एक सदोष रणगाडा अधिक शिकवून जातो.

छांबच्या त्या लढाईत भारतीय सैन्याला मुनव्वर तवी नदीच्या अलीकडे माघार घ्यावी लागली. विजयाच्या वर्षातली ती एक अवघड आठवण आहे. टी-५५ च्या पोलादी पोटात चार माणसे बसत; एक पस्तीसांश मापात त्यांच्यासाठी राहणारी जागा मुठीएवढी भरते. झाकण चिकटवण्याआधी त्या रिकाम्या पोकळीत एकदा डोकावून पाहावे. नळीवरचे निरुपयोगी दिसणारे कडे का बसवले होते, हे तिथे पाहिल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.